मुख्याध्यापकाचें काम

विद्यार्थ्यांस मुख्याध्यापक दिसतात ते बहुधा तीन प्रसंगीं: प्रार्थनेच्या वेळीं व्यासपीठावर, कांहीं गुन्हा घडून बोलावणें आलें म्हणजे त्यांच्या खोलींत, आणि बक्षीससमारंभाच्या दिवशीं पाहुण्यांच्या शेजारीं. पालकांस ते दिसतात प्रवेशाच्या दिवसांत, किंवा दाखला काढावयाचा असतो तेव्हां. ह्यामुळें ह्या पदावरील मनुष्य दिवसभर करतो तरी काय, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. कोणी म्हणतो, 'सह्या करतो'. कोणी म्हणतो, 'दरारा ठेवतो'. दोन्ही उत्तरांत थोडें थोडें तथ्य आहे, परंतु मुख्य गोष्ट दोहोंतही नाहीं. ती कोणती हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील माणसांस समजावून सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

महाराष्ट्रांतील खाजगी शाळांच्या सेवाशर्तींचे जे नियम १९८१ सालीं झाले, त्यांप्रमाणें माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक पदवीधर असावा लागतो, त्याजपाशीं अध्यापनाची पदवी असावी लागते, व किमान पांच वर्षें त्यानें शिकविलेलें असावें लागतें. सामान्यतः ही जागा सर्वांत ज्येष्ठ शिक्षकास मिळते. ही व्यवस्था न्यायाची आहे. वशिल्यास तिच्यामुळें आळा बसतो. परंतु ज्येष्ठतेनें खुर्ची मिळते, काम येत नाहीं. पंचवीस वर्षें उत्तम गणित शिकविलेल्या गृहस्थास एके दिवशीं तीस शिक्षक, हजार मुलें, दोन कारकून आणि चार शिपाई ह्यांचा संसार हातीं घ्यावा लागतो. आणि हें काम गणित शिकविण्याहून अगदीं निराळें आहे.

आतां कोणी विचारील, शाळा चांगली निघणें हें मुलांच्या घराण्यावर, इमारतीवर आणि पैशावर अवलंबून नाहीं काय? मुख्याध्यापक असा कसा फरक पाडणार? ह्याचें उत्तर अंदाजानें देण्याचें कारण नाहीं. मायकेल रटर व त्यांचे सहकारी ह्यांनीं लंडन शहराच्या अंतर्भागांतील १२ माध्यमिक शाळांचा काळजीपूर्वक अभ्यास केला, व तो १९७९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. मूल शाळेंत सुमारें १५,००० तास घालवितें, म्हणून ग्रंथाचें नांवही तेंच ठेविलें. त्यांस असें आढळलें कीं, प्रवेश घेणारीं मुलें साधारण सारख्या योग्यतेचीं धरलीं तरी शाळाशाळांत हजेरी, वर्तन व परीक्षेचे निकाल ह्यांत मोठें अंतर पडतें. आणि हें अंतर इमारत जुनी कीं नवी, मोठी कीं लहान, ह्यावरून पडत नाहीं. तास वेळेवर सुरू होतात कीं नाहीं, अभ्यासाला महत्त्व आहे कीं नाहीं, चांगल्या कामाबद्दल मुलांची वाहवा होते कीं नाहीं, मुलांकडे जबाबदारीचीं कामें सोंपविलीं जातात कीं नाहीं, अशा नित्याच्या गोष्टींवरून तें पडतें. ह्या गोष्टींस पैसा फारसा लागत नाहीं. लागतो तो कोणीतरी सतत लक्ष देणारा मनुष्य.

तें लक्ष कोठें द्यावें, ह्याचाही शोध झाला आहे. न्यूझीलंडांतील ऑकलंड विद्यापीठाच्या व्हिव्हिअन रॉबिन्सन ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह २००८ सालीं अनेक अभ्यास एकत्र करून, मुख्याध्यापकाच्या कोणत्या कामाचा मुलांच्या विद्येवर किती परिणाम होतो, हें मोजून पाहिलें. शिस्तशीर व सुरक्षित वातावरण राखणें ह्याचें माप ०.२७ आलें; पैसा व साधनें विचारपूर्वक लावणें ह्याचें ०.३१, ध्येय ठरवून देणें, आणि अध्यापनाची आंखणी व पाहणी करणें, ह्या दोहोंचें प्रत्येकीं ०.४२, आणि शिक्षकांच्या शिकण्यास उत्तेजन देऊन त्यांत स्वतः सामील होणें ह्याचें ०.८४. म्हणजे लोक ज्यास मुख्याध्यापकाचें मुख्य काम समजतात तो दरारा, किंवा त्याहून सौम्य अशी शिस्त, ह्या यादींत सर्वांत खालीं आहे. शिस्त नको असा ह्याचा अर्थ नव्हे. पाया भक्कम असावाच लागतो. पण पाया घातला म्हणजे घर झालें असें कोणी म्हणत नाहीं.

पायापासूनच आरंभ करूं. शाळेची पहिली संपत्ति म्हणजे वेळ. ३५ मिनिटांचा एक तास धरा. शिक्षक शिक्षकखोलींतून निघून वर्गांत पोहोंचले, कॅटलॉग उघडला, मुलें जागेवर बसलीं, ह्यांत पांच मिनिटें गेलीं, तर त्याबद्दल कोणास कांहीं वाटत नाहीं. परंतु दिवसाचे आठ तास असल्यास हीं पांच मिनिटें चाळीस होतात, म्हणजे रोज एका तासाहून अधिक. वर्षाचे २२० दिवस धरले तर ८,८०० मिनिटें, म्हणजे सुमारें २५० तास असे नाहींसे होतात. ज्या विषयास आठवड्यांतून सहा तास मिळतात, त्याच्या संबंध वर्षाच्या अध्यापनाहूनही ही बुडीत अधिक आहे. म्हणून चांगला मुख्याध्यापक घंटेच्या आधीं फाटकाशीं उभा दिसतो, व तास बदलतांना खोलींत न बसतां व्हरांड्यांत असतो. त्यास कोणावर ओरडावें लागत नाहीं. तो तेथें आहे एवढें पुरतें. गैरहजर शिक्षकाचा वर्ग मोकळा राहूं नये म्हणून बदली तासांची वही सकाळीं पहिल्या घंटेपूर्वीं तयार असणें हेंही त्याच सदरांत येतें. ज्या वर्गावर कोणी नाहीं, त्या वर्गांतील गलका दोन्ही बाजूंच्या वर्गांचाही तास खातो.

दुसरें काम वर्गांत जाण्याचें. आमच्या मतें हेंच सर्व कामांचें मूळ होय. वीस तुकड्यांच्या शाळेंत दिवसाला १६० तास होतात. त्यांपैकीं मुख्याध्यापकानें दोन जरी संपूर्ण पाहिले, तरी सहा दिवसांच्या आठवड्यांत बारा होतात, आणि तीस शिक्षकांपैकीं प्रत्येकाचा एक पाठ अडीच आठवड्यांत पाहून होतो. काम अशक्य नाहीं. तें रोजच्या रोज करावें लागतें, एवढेंच. पुष्कळ ठिकाणीं पाठनिरीक्षण होतें तें वार्षिक तपासणी जवळ आली म्हणजे लॉगबुक भरण्यापुरतें. 'आवाज चांगला, फळ्याचा उपयोग केला, मुलांचा सहभाग समाधानकारक', अशीं तीच तीन वाक्यें तीस पानांवर आढळतात. अशा निरीक्षणानें कोणाचें कांहीं सुधारत नाहीं.

पाठ पाहावयाचा तो मागच्या बाकावर, मुलांच्या शेजारीं बसून. तेथून दोन गोष्टी दिसतात. शिक्षक काय सांगत आहेत ही एक. आणि शेजारच्या मुलाच्या वहींत काय उतरत आहे ही दुसरी. पहिली उत्तम असून दुसरी कोरी असूं शकते. पाठ संपल्यावर त्याच दिवशीं, शिक्षकांस एकटें बोलावून, एक गोष्ट चांगली झाली ती नेमकी सांगावी, आणि एक गोष्ट पुढील खेपेस करून पाहण्यासारखी आहे ती सुचवावी. एकाच वेळीं दहा दोष दाखविले तर ऐकणारा एकही सुधारीत नाहीं. वर्गांत मुलांदेखत शिक्षकांची चूक कधींही काढूं नये. त्यांचा मान त्या वर्गांत एकदां गेला म्हणजे मुख्याध्यापकास तो परत देतां येत नाहीं. शिवाय मुख्याध्यापकानें आठवड्याचे कांहीं तास स्वतः शिकवावे, आणि आपल्या तासास इतरांनीं येऊन बसण्यास मोकळीक ठेवावी. जो स्वतःचें शिकविणें दाखवीत नाहीं, त्यास दुसऱ्याचें पाहण्याचा अधिकार नियमानें असेल, पण मनानें कोणी देणार नाहीं. रॉबिन्सनबाईंच्या मापांत जी गोष्ट सर्वांत वर आली, तिचा व्यवहारांतील अर्थ हाच.

तिसरें काम सहकाऱ्यांस एकत्र बांधण्याचें. ह्या संबंधांत इंग्लंडांतील रग्बी शाळेचे हेडमास्तर डॉ. टॉमस आर्नोल्ड ह्यांचें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १८२८ पासून १८४२ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षें, ते त्या जागीं होते. त्यांचे शिष्य व चरित्रकार स्टॅन्ली ह्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, दर तीन आठवड्यांनीं सर्व शिक्षकांची सभा भरे, शाळेच्या प्रत्येक गोष्टीचा तींत विचार होई, व शाळेच्या मूळ तत्त्वांस बाध न येईल अशी कोणतीही सूचना कोणीही आणूं शके. कित्येकदां स्वतः आर्नोल्ड ह्यांच्या विरुद्ध मतें पडत, आणि बहुमत त्यांच्याकडे नसे. एवढ्या नांवाजलेल्या व करारी पुरुषास आपल्या हाताखालच्या मंडळींकडून पराभव पत्करण्यांत कमीपणा वाटला नाहीं. आपल्याकडील शिक्षकसभा पुष्कळदां परिपत्रकें वाचून दाखविण्यापुरती भरते. परिपत्रक तर फळ्यावरही लावतां येतें. सभेचा वेळ 'सातवीच्या मुलांस अपूर्णांक कां येत नाहींत' अशा एका प्रश्नास दिला, आणि बोलण्याचा मान सर्वांत नव्या शिक्षकास आधीं दिला, तर सभेचें सार्थक होतें.

सहकार्य किती नाजूक वस्तु आहे, हें पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या इतिहासावरून दिसतें. १ जानेवारी १८८० रोजीं विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी ह्यांनीं ती शाळा उघडली. वामन शिवराम आपटे व गोपाळ गणेश आगरकर ही मंडळी त्यांस येऊन मिळाली. थोड्या वेतनावर अशी विद्वान् मंडळी शिकविण्यास बसल्यावर शाळा नांवारूपास येण्यास वेळ लागला नाहीं. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ सालीं फर्ग्युसन कॉलेज निघालें, आणि आपटे त्याचे पहिले प्रिन्सिपॉल झाले. परंतु आजीव सभासदांनीं बाहेरची मिळकत करावी कीं नाहीं, वेतन कसें असावें, अशा प्रश्नांवरून मतभेद वाढत गेले, आणि १८९० सालीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. हीं सर्व माणसें निःस्वार्थी होतीं, बुद्धिमान् होतीं, आणि एका ध्येयानें एकत्र आलेलीं होतीं. तरीही पैशाच्या व कामाच्या वांटणीचे प्रश्न सुटले नाहींत. मग सामान्य शाळेंत वेळापत्रक करतांना एकास सर्व सकाळचे तास व दुसऱ्यास सर्व शेवटचे तास गेले, तर कुरकूर होईल ह्यांत नवल काय? वेळापत्रक, रजा, परीक्षेचीं कामें आणि सहलीची जबाबदारी ह्यांची वांटणी सर्वांच्या डोळ्यांदेखत व एकाच नियमानें करणें, हा शिक्षकवर्गांत सलोखा राखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चौथें काम मुलांच्या वर्तनाचें. छडीचा काल आतां गेला. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलास शारीरिक शिक्षा करणें व त्याचा मानसिक छळ करणें ह्यांस मनाई केली आहे. तो कायदा पहिली ते आठवीच्या वयापुरता आहे, म्हणून नववीच्या मुलाच्या अंगावर हात टाकण्यास हरकत नाहीं, असा तर्क करणारा मनुष्य शिक्षक म्हणविण्यास योग्य नव्हे. आर्नोल्ड ह्यांनींही आपल्या काळच्या रीतीप्रमाणें छडी पूर्ण सोडली नव्हती, हें आम्ही लपवीत नाहीं. पण त्यांचें खरें बळ तीत नव्हतें. मुलानें कांहीं सांगितलें तर ते त्यावर विश्वास ठेवीत. त्यामुळें त्यांच्याशीं खोटें बोलणें लाजिरवाणें आहे अशी भावना मुलांतच उत्पन्न झाली. वरच्या वर्गांतील मुलांवर त्यांनीं शाळेची जबाबदारी टाकली. विश्वास टाकावा तसा मुलगा वागूं लागतो, हा अनुभव पुष्कळ शिक्षकांचा आहे. मात्र विश्वासाबरोबर नियमही हवेत. ते थोडे असावेत, सर्वांस ठाऊक असावेत, आणि संस्थेच्या चिटणिसांच्या मुलास व शिपायाच्या मुलास सारखेच लागू असावेत.

येथवर सांगितलेलें बहुतेकांस मान्य होईल. आतां जें सांगणार आहों, त्यावर मुख्याध्यापकाची खरी परीक्षा होते.

दहावीचा निकाल हा आज शाळेचा मानबिंदु झाला आहे. फाटकावर फलक लागतात, वर्तमानपत्रांत नांवें येतात, पुढील वर्षाचे प्रवेश त्यावर अवलंबून असतात. ह्या लोभापायीं कांहीं ठिकाणीं एक वाईट रीत पडली आहे. कच्च्या मुलांस नववींतच अडवून ठेवावयाचें, किंवा पालकांस बोलावून, 'दाखला घेऊन जा, आणि बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा', असें सांगावयाचें. म्हणजे मूल परीक्षेस बसेल तर खरें, पण शाळेच्या खात्यावर नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं एक साधें गणित करून पाहावें. एका शाळेंत नववींत १०० मुलें होतीं. तिनें २० अडविलीं, ८० दहावीस बसविलीं, सर्व उत्तीर्ण झालीं. निकाल शंभर टक्के. दुसऱ्या शाळेंत १०० होतीं. तिनें सर्व बसविलीं, ९० उत्तीर्ण झालीं. निकाल नव्वद टक्के. फुलांचा हार पहिलीस पडतो. पण अधिक मुलें पार कोणी नेलीं?

अडविलेल्या वीस मुलांचें पुढें काय होतें, हें फलकावर लिहिलेलें नसतें. त्यांतील मुलगा कोठें गॅरेजवर किंवा दुकानावर कामास लागतो. मुलीच्या बाबतींत घरचीं माणसें लग्नाचा विचार करूं लागतात. फॉर्म भरणाऱ्यांपैकीं पुष्कळांस घरीं शिकविणारें कोणी नसतें. त्यांस वर्ग हवा होता, तोच आपण काढून घेतला. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, प्रत्येक मुख्याध्यापकानें दहावीच्या निकालाबरोबर दुसरा एक आंकडा काढावा. सहा वर्षांपूर्वीं आपल्या पांचवींत जीं मुलें दाखल झालीं, त्यांपैकीं किती आपल्याच शाळेंतून दहावी उत्तीर्ण झालीं? बदली होऊन गेलेलीं वगळा. बाकीच्यांचा हिशेब द्या. जनरल रजिस्टरांत हें सर्व लिहिलेलें असतें. दोन दिवसांचें काम आहे. हा आंकडा संस्थाचालकांपुढें ठेवण्यास धैर्य लागतें, आणि तें धैर्य ह्या पदाच्या कर्तव्यांत मोडतें.

केवळ मुलें पुढें ढकलणें हाही उपाय नव्हे. जून महिन्यांत शाळा उघडतांच पांचवी व आठवीच्या प्रत्येक मुलाकडून एक उतारा मोठ्यानें वाचून घ्यावा, पांच ओळी लिहवून घ्याव्या, व भागाकाराचें एक उदाहरण सोडवून घ्यावें. मागें पडलेलीं मुलें कोणतीं तें आठवडाभरांत कळतें. मग त्यांच्यासाठीं रोजचा एक तास वेगळा काढावा, आणि तो सर्वांत नव्या किंवा ज्याचे तास कमी भरतात अशा शिक्षकास न देतां, शाळेंतील उत्तम शिक्षकास द्यावा. दर महिन्यास पुन्हां तीच तपासणी करावी. आठवींत हें झालें म्हणजे नववींत कोणास अडविण्याचा प्रसंगच थोडा येतो. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढली व पुढें गरिबांच्या मुलांसाठीं 'कमवा आणि शिका' ही रीत चालविली. शाळेस शोभतील अशीं मुलें ते शोधीत बसले नाहींत; जीं मुलें होतीं त्यांना झेपेल अशी शाळा त्यांनीं केली.

राहिलें कागदाचें काम. तें टाळतां येत नाहीं. संचमान्यता, शिष्यवृत्त्या, पोषण आहाराचा हिशेब, संगणकावर भरावयाची नानाविध माहिती, ह्यांवर शिक्षकांचे पगार व मुलांचे हक्क अवलंबून असतात. परंतु हें काम पाण्यासारखें आहे. वाट दिली तर सर्व खोली भरून टाकतें. जाणत्या मुख्याध्यापकाची रीत अशी कीं, शाळेचे पहिले दोन तास टेबलाशीं बसावयाचें नाहीं. कारकुनानें कागद तयार ठेवावे, व मधल्या सुट्टीनंतर एका बैठकींत ते हातावेगळे करावे. पालकांस भेटण्याची वेळ ठरलेली असावी, पण रडत आलेल्या आईस ती वेळ दाखवूं नये.

एक खूण शेवटीं सांगतों. मुख्याध्यापक पंधरा दिवस रजेवर गेले आणि शाळा विस्कळित झाली, तर लोक म्हणतात, 'पाहा, त्यांच्यावांचून चालत नाहीं', व ही त्यांची स्तुति समजली जाते. आम्हांस ती स्तुति वाटत नाहीं. उपमुख्याध्यापक, पर्यवेक्षक, वर्गशिक्षक व वर्गनायक ह्यांस कामें वांटून देऊन, चुकूं देऊन, शिकवून तयार केलेलें असेल, तर घंटा वेळेवर होते, वर्ग भरतात, आणि मागच्या बाकावरच्या मुलाची वही कोणीतरी पाहतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांतील कांहीं पुढें शिक्षक होतील, आणि त्यांतील एखादा त्या खोलींतील खुर्चीवर बसेल. त्या दिवशीं आज तुमच्या वर्गांत जो मुलगा सर्वांत मागें पडला आहे त्याचें नांव आठवा, आणि तसा मुलगा तुमच्या शाळेंत कोठें बसतो, तें पाहावयास प्रथम जा. आणि आजच्यापुरतें म्हणाल, तर तुमचे मुख्याध्यापक एखाद्या दिवशीं तुमच्या शेजारीं येऊन बसले, तर वही झांकूं नका. ती पाहण्यासाठींच ते आलेले असतात.